मीराबाईच्या नावाचा फोटो

"पित्ताची पिशवी एकदा काढली की परत उगवत नाही, मावशी," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"माही उगवली असंल," माय म्हणाली.

आता सांगा, यावर माणसानं काय बोलावं? मी मायच्या मांगे फाईल धरून उभी होती. माय म्हणजे मीराबाई. तीन दिवसांपासून मुतखड्यानं लोळत होती, म्हणून कुरखेड्याहून सकाळची बस धरून मी तिले ब्रह्मपुरीले आणलं होतं. मॅडमचं नाव रंजीता. सीटीस्कॅनचे फोटो पाहून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर त्या. खडा सापडला, बारका होता, पाणी पिऊन पडून जाईल असं त्यांनी सांगून बी टाकलं. मी मोबाईलवर परतीच्या बसचा टाइम पाहून राह्यली होती. तेवढ्यात मॅडमनं कार्डाचा नंबर टाकला, कॉम्प्युटरमधला जुना फोटो काढला अन् दोन्ही फोटो बाजूबाजूले लावले.

"एकोणीस महिन्यांआधी तुमचा इथेच स्कॅन झाला ना? त्या फोटोत पिशवी नाही. ऑपरेशनच्या क्लिपा चक्क दिसताहेत. आजच्या फोटोत पिशवी आहे, चांगली भरलेली. हे कसं काय?"

"मशीन बिघडली असंल. फोटो माहाच होय. नाव पाहा ना वर. मीराबाई गुणवंतराव टेंभुर्णे. कार्ड माहं, नाव माहं, मंग फोटो कोनाचा राहीन?"

माय खोटं बोलते तवा तिचा आवाज चढते. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावाले लागले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं झटकला.

मॅडम चिडल्या नाई. त्यांनी खुर्ची माह्याकडे फिरवली. "तुम्ही मुलगी ना? इकडे या. हे बघा." पेनाच्या टोकानं त्यांनी जुन्या फोटोत खाली एक जागा दाखवली. "हे डावं अंडाशय. इथे गाठ आहे, पावणेचार सेंटिमीटरची. नुसती पाण्याची गाठ असती तर सगळी एकसारखी काळी दिसली असती. हिच्या आत हा पांढरट, घट्ट भाग आहे. म्हणून मी रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, रक्त तपासा, तीन महिन्यांत परत या, ही गाठ साधी वाटत नाही. आमच्या माणसानं तीनदा फोनही केला. आज फोटो काढला तर गाठ गायब. मी तुम्हाला पेढे मागणार होते. मग पिशवी दिसली."

मले वाटलं आता विचारू नका, काई बी करा पण विचारू नका.

"मग ही गाठ कोणाच्या पोटात आहे?"

मायनं मांगून माह्या कंबरेले असा चिमटा घेतला का डोळ्यातून पाणी आलं. पण मी बोलून गेली. "माह्या मोठीमायच्या."

"हर्षे!" माय ओरडली.

आता झालं ते सांगूनच टाकते. कुरखेड्याच्या बस स्टँडजवळ माहं ऑनलाईन सेंटर आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दवाखान्यात फुकट इलाजाचं सरकारी कार्ड, सगळं मी काढून देते. म्हातारेकोतारे दुरून मले शोधत येतात, मॅडम-मॅडम करतात, अन् मी बी मोठ्या तोऱ्यात त्यायले रांगेत बसवते. या सगळ्यात एकच माणूस बिनाकार्डाचं राह्यलं, अन् ते माह्या घरचं. माह्या बापाच्या मोठ्या भावाची बायको, वच्छला. माही मोठीमाय. दोघी जावा, दोघी विधवा, दोघींच्या घराच्या मधात एकच भिंत. तिचा पोरगा आदेश पुण्याले कंपनीत आहे, म्हणून तिचं दुखलंखुपलं आमीच पाहतो. म्हणजे पाहतो असं मी म्हणत होती.

मोठीमायच्या अंगठ्याले रेघाच राह्यल्या नाई. जन्मभर चिखलात धानाचा रोवणा केला, बिडीचा तेंदूपत्ता तोडला, राखेनं भांडे घासले. कार्डासाठी मशीनवर अंगठा ठेवला की लाल लाइट. दहा बोटं ठेवून पाह्यले, दहाच्या दहा लाल. डोळ्याच्या मशीननं बी कार्ड निघते, पण ती मशीन गडचिरोलीले. 'नेईन तुले एक दिवस,' असं मी म्हणली. दर महिन्याले म्हणली.

मंग दोन दिवाळ्या आधी तिचं पोट दुखाले लागलं. डॉक्टरनं सीटीस्कॅन लिहून देल्ला. मी मायचं कार्ड उचललं, मोठीमायले ब्रह्मपुरीले आणलं अन् बाकावर बसवून पढवलं, "मीराबाई म्हणून पुकारलं की उठजो. तुहं नाव कोणाले सांगू नको. जास्त बोलूच नको." कार्ड चालवाले ओटीपीचा नंबर आला तो मायच्या मोबाईलवर, तो बी मीच सांगतला. मले त्यात काई वाटलं नाई. आमच्याकडे जावेची कोथिंबीर जावेच्या भाजीत जाते, जावेचं लुगडं जाऊ नेसून लग्नाले जाते. कार्ड गेलं तं काय झालं? असंच वाटलं, खरं सांगते.

रिपोर्ट आणाले मीच गेली होती. सेंटरवर गर्दी खोळंबली होती, म्हणून तिथीच उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं. लिव्हर नॉर्मल. किडनी नॉर्मल. पित्ताची पिशवी मोठीमायची कवाचीच काढली होती, तिथी बी काई नाई. मोठीमायले फोन लावला, "सगळं नॉर्मल आहे, गॅस होय. वटाणे नको खाऊ." मंग रिपोर्ट घडी करून मायच्या फाईलमध्ये टाकला. नाव मायचं होतं ना वर.

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. मायकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं.

"मी नंतर ओरडीन," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना आणा. उद्या."

"मॅडम, आता... आता किती झालं असंल?"

"फोटो काढल्याशिवाय कसं सांगू? तेवढीच असेल. पसरलीही असेल. पोट फुगल्यासारखं दिसतं का त्यांचं?"

महिनाभराआधी बुद्धजयंतीच्या जेवणात मोठीमाय वाढाले उभी होती, लुगड्याच्या निऱ्या वर चढल्या होत्या. अन् मीच, मीच चार बायांसमोर म्हणली होती, "काय वो मोठीमाय, कितवा महिना?" सगळ्या हसल्या. मोठीमाय बी हसली.

"दिसते," मी म्हणली.

मॅडमनं एक गोष्ट अजून सांगतली. गाठ वाढली का, किती वाढली, हे समजाले जुना फोटो पाहिजे, पण तो फोटो मीराबाईच्या नावावर आहे. पुढे कॅन्सरचे डॉक्टर दोन्ही फोटो मांगतीन. तवा दोघींनी लिहून द्या का हा फोटो खरा कोणाचा आहे. मी त्यांना विचारलं, त्यानं मायचं कार्ड बंद होईल का. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगणार नाही."

परतीच्या बसमध्ये, वाटेतलं वडसा येईपर्यंत मी मोठीमायले अठरा वेळा फोन लावला. बंद. मे महिना, तेंदूपत्त्याचा सीझन. सकाळी जंगलात गेलेली माणसं दुपारी पत्ता घेऊन येतात, पुडे बांधतात अन् सायंकाळी फळीवर, म्हणजे जिथी पत्ता मोजून घेतात तिथी नेऊन देतात. फोन कुठी चार्ज करतीन? माय खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाडी जागोजाग थांबत होती अन् दर थांब्याले मले वाटे का उतरून पळत सुटावं.

"मॅडम तीन फोन म्हणाल्या," मी म्हणली. "नंबर तुहा होता, माय. कोणी उचलले?"

मायनं पदर डोक्यावर ओढला.

"माय, मी विचारून राह्यली."

"मी उचलले."

"अन्?"

"ते म्हणत, मीराबाई, तुमाले परत या लागते. मले वाटलं पकडलं आपल्याले. कार्डाची लबाडी समजली म्हून बलावून राह्यले. मी म्हणली, मी बरी हाओ, मले काई नाई झालं, फोन नोका करू. तिसऱ्या बारीले तं मी त्याले शिव्या देल्ल्या."

"अवं पण मले सांगाचं होतं ना!"

"कसं सांगू? तुहं सेंटर बंद केलं असतं त्याईनं. कार्ड तू चालवलं होतं. तुले नेलं असतं तं?" मायचं तोंड अजून खिडकीकडेच होतं. "मी तुह्यासाठी गप राह्यली, हर्षा."

मी अशी संतापली होती का तिले तिथीच उतरवून द्यावं वाटे. पण दुसरं पान तिनं नाई, मी नव्हतं वाचलं. तिले तं इंग्रजी येतच नाई.

कुरखेड्याले उतरलो तं दोन वाजले होते. मायले म्हटलं, घरी जा, पाणी पी, पडून राह्य. नाई म्हणली. खडा घेऊन स्कूटीच्या मांगच्या सीटवर बसली. ऊन असं का डांबर टायरले चिकटून राह्यलं होतं. मोठीमायच्या घराले कुलूप. शेजारची म्हणे, पत्ता घेऊन सरळ फळीवर गेली, यंदा तिच्यानं चालवत नाई म्हणून लवकर निघते.

यंदा तिच्यानं चालवत नाई. शेजारणीले माहीत होतं. भिंतीले भिंत लागून राहते मी, मले माहीत नाई.

फळीवर मोहाच्या झाडाखाली पंधरा-वीस बाया पुडे बांधत बसल्या होत्या. मोठीमाय खोडाले टेकून होती, पाय लांब केलेले, पोटाच्या वरून ओढणीसारखा एक फडका घट्ट बांधलेला. मले पाहून हसली. "काऊन वो, साहेबीण इकडे कुठी?"

मी तिच्यासमोर बसली. पाय सुजले होते. गाल आत गेले होते अन् पोट पुढे आलं होतं, अन् हे मले महिनाभराआधी हसाले पुरलं होतं.

"फडका काऊन बांधला?"

"गच्च वाटते वो. दोन घास खाल्ले की पोट भरते. गॅस होय ना, तूच तं म्हणली होती."

"मोठीमाय, उद्या ब्रह्मपुरीले चाल. फोटो काढाचा आहे."

"उद्या? बयाड झाली का? दोन दिवसानं फळी बंद होते. तोडलेला पत्ता घरी पडून राह्यला तं करपून जाते. फळी सरू दे, मंग येतो."

"मंग नाई. उद्या."

"परवा सायंकाळी..."

"उद्या म्हणली ना! समजत नाई का तुले?" मी अशी ओरडली का सगळ्या बायांचे हात थांबले. पुडे मोजणारा मुन्शी पत्रू उठून उभा राह्यला. मोठीमाय माह्याकडे टुकूटुकू पाहाले लागली. तिच्यावर मी जन्मात कधी ओरडली नव्हती. अन् ओरडली तं कवा, तिचं चुकलं नाई तवा.

मी सांगतलं. गाठ आहे, तवाच होती, रिपोर्टात लिहिलं होतं, फोन आले होते. हळू आवाजात सांगाचं होतं पण हळू येतच नव्हतं. दुसऱ्या पानाचं तेवढं सांगतलं नाई. "आमच्या ध्यानात नाई आलं," असं म्हणली. आमच्या! पाहा माही हिंमत.

मोठीमायनं हातातला पुडा पूरा बांधला. गाठ मारली, बाजूले ठेवला. "म्हंजे गॅस नोहोय."

"नाई."

"मंग एवढा पत्ता कोन देईन?"

तेवढ्यात माय खाली बसली. कंबरेवर हात ठेवून, दात खाऊन, पण बसली. मोठीमायच्या पुढची टोपली तिनं आपल्याकडे ओढली. "मी बसतो तुह्या जागी दोन दिवस. तुही खेप मी आणतो. तू जा."

"मीरे, तुहा खडा..."

"खडा पडून जाईल. पत्रूभाऊ, लिहा. वच्छला टेंभुर्णेच्या नावावरच लिहा. बसली कोन ते नोका पाहू." अन् मंग ती रडाले लागली, पत्ता चळत लावता लावता. "वच्छाबाई, मले फोन आले होते वो. मी शिव्या देल्ल्या त्याईले."

मोठीमायनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाई. फक्त टोपलीतले फाटके पत्ते निवडून तिच्यासमोरून बाजूले काढत राह्यली.

अर्ज मी तिथीच लिहिला, पत्रूच्या वहीतलं पान घेऊन. दिवसाचे वीस अर्ज लिहिते मी लोकायचे, हात आपोआप चालते. त्या दिवशी 'मी खाली सही करणार' यावरच दहा मिनिटं अडकली. सदर तारखेस काढलेला फोटो माझा नसून माझी जाऊ वच्छला देवराव टेंभुर्णे यांचा आहे. मायनं सही केली. मोठीमायनं पत्रूच्या शाईच्या डबीत अंगठा बुडवला अन् कागदावर दाबला. नुसता निळा ठपका उमटला, एक रेघ नाई. कागदानं तो घेतला.

दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीच्या बाकावर आमी दोघी. रात्रभर मी इंटरनेटवर काय काय वाचलं ते सांगत नाई, त्यातलं अर्धं समजलं नाई अन् जे समजलं त्यानं झोप गेली. मोठीमायले फोटोच्या आधी प्याचं ते औषधाचं पाणी देल्लं होतं. एक-एक घोट घेऊन, तोंड वाकडं करून तिनं ते संपवलं. यावेळी फोटोचे पैसे मी रोख भरले होते, तरी उठून काउंटरवर जाऊन येई, परत बसे, परत उठे.

"वच्छला टेंभुर्णे!" आतून हाक आली.

मोठीमाय हलली नाई.

"वच्छला टेंभुर्णे कोण आहे?"

तिनं माह्याकडे पाह्यलं. हळूच, आजूबाजूच्याले ऐकू जाऊ नये असं विचारलं, "हर्षे, आज कोनाच्या नावानं जाऊ?"

एकोणीस महिने झाले होते. मी पढवलेलं तिनं अजून सांभाळून ठेवलं होतं.

"तुह्याच नावानं जा, मोठीमाय. तुह्याच," मी म्हणली. अन् मले तिथीच, सगळ्या लोकायच्या देखता, रडू फुटलं. ती उठली, पदर सारखा केला अन् आत गेली.

दुपारी मॅडमनं मले एकटीले बलावलं. मी म्हटलं, नाई, ती बी येईल, तिच्याच पोटाची गोष्ट आहे. मॅडमनं मान डोलावली. दोन्ही फोटो लावले. आता दोन्हीवर एकच नाव होतं, अर्ज पाहून त्यांनी बदलाले लावलं होतं.

शिकल्या माणसाची गरज नव्हती. जुन्या फोटोत लिंबाएवढं जे होतं ते नव्या फोटोत नारळाएवढं दिसून राह्यलं होतं. आतड्याच्या भोवताल पाणीच पाणी.

"पोटात पाणी झालं आहे, म्हणून गच्च वाटतं," मॅडम मोठीमायशी बोलल्या, माह्याशी नाई. "आतड्यांवर चरबीचा एक पडदा असतो, त्यावर दाणे दिसताहेत. हे कॅन्सरचंच दिसतं, पण तुकडा तपासल्यावर पक्कं होईल. चांगली गोष्ट अशी की लिव्हरमध्ये काही नाही, वर छातीकडे काही नाही. तुम्हाला नागपूरला पाठवते. तिथले डॉक्टर ठरवतील, पण बहुतेक आधी औषधाचे तीन डोस देतील, मग परत फोटो काढतील. आकसलं तर ऑपरेशन. सगळं निघालं तर पुढचे दिवस बरे जातात."

"किती दिवस?" मोठीमायनं विचारलं.

"ते या फोटोत लिहिलेलं नसतं, मावशी. हा फोटो सांगतो आज कुठपर्यंत पोचलं आहे. तीन डोसांनंतरचा फोटो जास्त सांगेल."

"अन् तवाच आलो असतो तं?"

मॅडमनं एक डाव माह्याकडे पाह्यलं. "तेव्हा ती एका जागी होती. कदाचित एका ऑपरेशनमध्ये भागलं असतं. कदाचित."

बस स्टँडवर आलो तं कुरखेड्याची गाडी लागाले वेळ होता. उसाच्या रसाच्या दुकानात दोघी बसलो. मोठीमायले रस सरत नव्हता, ती गिलास नुसता हातात धरून होती. माह्या मांडीवर रिपोर्टाचं पाकीट. मले ते उघडाचं नव्हतं अन् त्याच्यावरून हात बी काढवत नव्हता.

"मोठीमाय," मी म्हणली, "मी काल खोटं बोलली. आमच्या ध्यानात नाई आलं असं नाई. मागचा रिपोर्ट दोन पानाचा होता. मी पहिलंच वाचलं. दुसऱ्या पानावर सगळं लिहून होतं."

तिनं गिलास गुडघ्यावर टेकवला.

"मले घाई होती. अन्..." मी पाकिटाची कड दुमडून परत सरळ केली. "अन् वर मायचं नाव होतं तरी मले माहीत होतं ना का तो मायचा नोहोय. मायचा असता तं मी दुसरं पान वाचलं असतं."

रसवाल्याचा चरक घरघरत होता. समोर नागपूरची गाडी लागली, माणसं धावली, भरली, गेली. मोठीमाय त्या गाडीकडे पाहत राह्यली. मले वाटलं आता ती उठंल अन् एकटीच जाऊन दुसऱ्या बाकावर बसंल. बसली असती तं बरं झालं असतं. शिव्या देल्ल्या असत्या तं त्याहून बरं.

तिनं गिलास खाली ठेवला. पाकिटावर बोट ठेवलं.

"आता वाच."

"इथी?"

"इथीच. पूरं वाच. मराठीत सांग मले."

मी वाचाले लागली. लिव्हर, बरोबर आहे. किडन्या, दोन्ही बरोबर. पित्ताची पिशवी काढलेली. पहिलं पान सरलं. मी पान उलटलं. डाव्या अंडाशयाची गाठ, साडेनऊ सेंटिमीटर. पोटात पाणी. पडद्यावर दाणे. आतड्याचा रस्ता मोकळा आहे. छातीच्या खालच्या भागात पाणी नाई. मंग खाली वेगळं लिहिलं होतं, जुन्या फोटोशी तुलना. तवा गाठ पावणेचार. तवा पाणी नाई. तवा दाणे नाई. मी थांबली.

"पुढे," मोठीमाय म्हणाली.

पुढे नागपूरले पाठवाचं, रक्ताची तपासणी, तुकड्याची तपासणी. शेवटी मॅडमची सही. मी शेवटचा शब्द बी सोडला नाई, तारीख वाचली, वेळ वाचली.

"सरलं," मी म्हणली.

"नाई सरलं. वरचं राह्यलं."

मले समजलं नाई. तिनं माह्या हातातला कागद घेतला, पहिलं पान वर आणलं अन् निळी शाई अजून न गेलेला तो गुळगुळीत अंगठा पहिल्या ओळीखाली ठेवला. तिले वाचता येत नाई, पण नाव कुठी राहते ते तिले माहीत होतं.

"हे वाच."

"वच्छला देवराव टेंभुर्णे," मी वाचलं.

"हं," मोठीमाय म्हणाली, अन् रिपोर्टाची घडी करून आपल्या पिशवीत ठेवली. "आता सांग, गडचिरोलीले डोळ्याच्या मशीनवर मले कवा नेतं?"